हाजरेआधी थांबलेली वाचने : तौरातच्या पहिल्या वाचकांविषयी

मोगल काळात सुरतेला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचे द्वार, म्हटले जात असे. हिंदुस्थानच्या अनेक भागांतून निघालेले हाजी येथे जमत आणि जहाजांची वाट पाहत. शहाजहानच्या कारकिर्दीत, १६४४ साली, बांधलेली मुघलसराई अशा यात्रेकरूंच्या उताऱ्याची जागा होती. तीच इमारत पुढे सुरत महानगरपालिकेचे कार्यालय झाली. या बंदरातून गेलेला प्रत्येक हाजी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या करीत असे. पाण्याच्या शोधात धावलेल्या एका आईची ती आठवण आहे. तिचे नाव हजरत हाजरा.

याच सुरतेत अठराव्या शतकात बसरा, बगदाद आणि अलेप्पो येथून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांचे सिनेगॉग होते, दफनभूमी होती. अलेप्पोहून आलेला शालोम कोहेन हा व्यापारी शतकाच्या अखेरीस येथे राहिला आणि १७९८ मध्ये कलकत्त्यास गेला. ही मंडळी घरी अरबी बोलत आणि तीच अरबी हिब्रू लिपीत लिहीत. ज्यू रिवाजाप्रमाणे नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये तौरातच्या पहिल्या ग्रंथाचा, म्हणजे उत्पत्तीचा, एकविसावा अध्याय वाचला जातो. हाजरा आणि तिचा मुलगा यांना घराबाहेर काढल्याची, वाळवंटात पाणी संपल्याची आणि विहीर दिसल्याची कथा त्याच अध्यायात आहे.

एका शहरात एक समाज या मातेच्या पावलांवर चालण्यासाठी जहाजात बसत होता आणि दुसरा समाज तिची कथा वर्षातून एकदा मोठ्याने वाचत होता. तरीही एकाने दुसऱ्याचे पुस्तक उघडून पाहिल्याची परंपरा येथे निर्माण झाली नाही. प्राचीन हिब्रू धर्मग्रंथ आपल्याकडे पहिल्यांदा कोणी वाचला, कसा वाचला आणि ते वाचन कोठे थांबले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दबिस्तानमधील तौरात

परक्या धर्मग्रंथाचे पहिले वाचन सुरतेला अपरिचित नव्हते. आंकतील द्युपेराँ हा फ्रेंच अभ्यासक १७५८ मध्ये येथे आला, पारशी दस्तूर दाराब यांच्याकडे अवेस्ता शिकला आणि १७७१ मध्ये त्याने त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु त्याच्या शंभर वर्षे आधी हिंदुस्थानात तौरातचे एक वाचन घडून गेले होते. सतराव्या शतकातील 'दबिस्तान-ए-मजाहिब' या फारसी ग्रंथाने ते जपून ठेवले आहे.

या ग्रंथात विविध धर्मपंथांचा परिचय आहे. यहुदी धर्माच्या प्रकरणासाठी ग्रंथकाराने सरमद याच्याकडून माहिती घेतली. सरमद मूळचा काशानचा, ज्यू घराण्यात जन्मलेला, नंतर इस्लाम स्वीकारलेला आणि व्यापारासाठी सिंधमधील ठट्टा येथे आलेला. तेथे त्याला अभयचंद हा हिंदू तरुण भेटला. सरमदने त्याला तौरात शिकवली आणि अभयचंदाने उत्पत्तीच्या सुरुवातीच्या भागाचे फारसी भाषांतर केले. ग्रंथकार १६४७ मध्ये हैदराबादेत सरमदला भेटला. हे भाषांतर सरमदकडून तपासून घेऊन दबिस्तानमध्ये समाविष्ट झाले.

या वाचनाचे वैशिष्ट्य नीट लक्षात घेतले पाहिजे. गुरू ज्यू कुळातला मुसलमान, शिष्य हिंदू, भाषा फारसी आणि संग्राहक पारशी परंपरेशी जवळीक असलेला. तौरात खरी की खोटी, हा प्रश्न येथे पुढे येत नाही. ग्रंथ काय म्हणतो ते आधी समोर ठेवावे, एवढाच हेतू दिसतो. मात्र भाषांतर जगाच्या आणि आदमच्या निर्मितीपासून थोडेच पुढे जाते. हजरत इब्राहीम यांची कथा तेथून कितीतरी अध्याय पुढे आहे. हाजरा येण्याआधीच हे वाचन थांबते.

ज्यांचा ग्रंथ त्यांचेच पहिले वाचन

'पहिले वाचन' म्हणजे नेहमी परक्याचेच असते असे नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. रायगड जिल्ह्यातील गावांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा' ही एकेश्वरत्वाची प्रार्थना एवढे त्यांच्या स्मरणात राहिले होते. हिब्रू ग्रंथ मात्र हातून गेले होते. त्यांच्या धार्मिक प्रमुखास 'काझी' म्हणत. सामाजी हासाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले त्यांचे पहिले सिनेगॉग लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद' झाले. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. 'रहम' हा शब्द ठाऊक असलेल्या कोणालाही या नावाचा अर्थ फारसा सांगावा लागत नाही.

या समाजापर्यंत हिब्रू ग्रंथ परत पोहोचला तो कोचीनच्या ज्यू शिक्षकांमुळे आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मराठी पुस्तकांमुळे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएल मंडळींनी तौरातमधील चरित्रे मराठी कीर्तनातून ऐकविण्यास सुरुवात केली.

एक उदाहरण येथे पुरेसे आहे. नववर्षाच्या सणास हे लोक 'नव्याचा सण' म्हणत. ग्रंथ नव्हते तेव्हाही हा सण होता. ग्रंथ आल्यावर त्या दिवशी हाजरेचा अध्यायही आला. सण जुना आणि अध्याय नवा, असा हा अनुभव आहे. मुसलमान वाचकाच्या बाबतीत नेमके असेच काही घडू शकते. सफा-मरवाची धाव त्याला लहानपणापासून माहीत असते, पण हाजरेविषयीचा हिब्रू अध्याय त्याने वाचलेला नसतो.

खंडन आणि समन्वय

मिशनऱ्यांच्या छापखान्यांनी धर्मग्रंथ देशी भाषांत आणले. खुद्द सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायव्ही यांनी १८२० च्या दशकात गुजराती बायबल छापले. त्यामुळे तौरात सहज हाती येऊ लागली. पण ती प्रचाराच्या ओझ्यासह आली आणि उत्तरही तशाच तऱ्हेने दिले गेले. १८५४ च्या आग्रा येथील वादविवादात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी पाद्री फांडर यांच्यासमोर बायबलमधील विसंगती मांडल्या आणि पुढे 'इजहार-उल-हक' हा ग्रंथ लिहिला. त्या काळाच्या गरजेतून निर्माण झालेल्या या ग्रंथाचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु त्यातील वाचन हे प्रतिपक्षाचे कागद तपासणाऱ्या वकिलाचे वाचन आहे. वकील कागदातील दोष शोधतो; त्यातील माणसे त्याला भेटतातच असे नाही.

सर सय्यद अहमद खान यांनी दुसरा मार्ग धरला. 'तब्यीन-उल-कलाम' हे बायबलवरील भाष्य त्यांनी १८६२ पासून स्वतःच्या छापखान्यातून प्रसिद्ध केले. त्यात हिब्रू मूळ आणि उर्दू भाषांतर वाचकासमोर एकत्र ठेवले. मुसलमान विद्वानाने मूळ हिब्रू अक्षरे छापून त्यांवर उर्दूत भाष्य करावे, ही घटना अपूर्व होती. तहरीफ म्हणजे मुख्यतः अर्थाची विकृती, शब्दांची सरसकट अदलाबदल नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या उपक्रमाचे मोल मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. खंडन करणारा फरक शोधतो आणि समन्वय करणारा साम्य शोधतो. दोघांच्याही हाती उत्तर आधीच असते. सर सय्यद यांच्या भाष्यात जेथे दोन ग्रंथ वेगळे बोलतात तेथे ते त्यांना जवळ आणण्याची घाई करतात. शिवाय उत्पत्तीवरील त्यांचे भाष्य अकराव्या अध्यायापाशी संपते. हाजरा सोळाव्या अध्यायात येते. म्हणजे मुसलमान वाचकाला जी व्यक्ती सर्वांत जवळची, तिच्या उंबरठ्यावर हेही वाचन थांबले.

यानंतरच्या काळात मौलाना हमीदुद्दीन फराही यांनी अलीगढ येथे जर्मन ज्यू प्राध्यापक योसेफ होरोविट्झ यांच्याकडून हिब्रू शिकून घेतली. कुर्बानीसाठी निवडलेला पुत्र कोणता, या प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि त्यासाठी तौरातचा बारकाईने उपयोग केला. हे वाचन हाजरेच्या घरापर्यंत पोहोचते हे खरे. पण तेथेही शोध मुलाचा आहे. आई पुन्हा बाजूला राहते.

हिब्रू पाठात हाजरा

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळावे. कुरआनात हजरत हाजरा यांचे नाव येत नाही. ओसाड खोऱ्यात आपली संतती वसविल्याचे हजरत इब्राहीम यांच्या दुआमध्ये येते. हाजरेचे नाव आणि तिची धावपळ हदीसमधून कळते. त्यामुळे तौरात प्रथम उघडणाऱ्या मुसलमान वाचकाला पहिला धक्का बसतो तो हा की, येथे हाजरेला नाव आहे, तिला बोलण्याची संधी आहे आणि तिच्या बोलण्याला ईश्वरी उत्तर आहे.

सोळाव्या अध्यायात गरोदर हाजरा सारेच्या छळाला कंटाळून पळून जाते आणि वाळवंटातील झऱ्यापाशी तिला फरिश्ता भेटतो. होणाऱ्या मुलाचे नाव इश्माएल ठेवावे असे तो सांगतो. 'शमा' म्हणजे ऐकणे आणि 'एल' म्हणजे ईश्वर. यावर हाजरा स्वतः ईश्वराला नाव देते : 'एल रोई', म्हणजे पाहणारा ईश्वर. हिब्रू बायबलमध्ये ईश्वराला असे नाव देणारी व्यक्ती दुसरी नाही. ती नबी नाही, राणी नाही. ती एक परदेशी दासी आहे.

उर्दू जाणणाऱ्या वाचकाला येथे एक गोष्ट दिसते, जी केवळ मराठी किंवा इंग्रजी भाषांतरात दिसत नाही. हिब्रू 'शमा' आणि अरबी 'समअ' हे एकाच धातूचे. 'रोई' आणि 'रूयत-ए-हिलाल' मधील 'रूयत' याही एकाच कुळातल्या. ऐकणारा आणि पाहणारा, म्हणजे 'समीअ' आणि 'बसीर'. कुरआनात अल्लाहची ही दोन नावे वारंवार जोडीने येतात. हाजरेच्या कथेत एक नाव मुलाला मिळते आणि एक नाव ती ईश्वराला देते. अर्थाच्या पातळीवर जोडी तीच आहे.

दुसरा मुद्दा छळाच्या शब्दाचा. सारा हाजरेला जे वागवते त्यासाठी हिब्रूत 'ईना' हे क्रियापद आहे. मिसरी लोक बनी इस्राईलला जे वागवतात त्यासाठी पुढे निर्गमच्या पहिल्या अध्यायात तेच क्रियापद येते. हाजरा मिसरी आहे. म्हणजे मिसरमध्ये इस्राईलवर अत्याचार होण्याआधी इस्राईलच्या आदिमातेने एका मिसरी स्त्रीवर तोच अत्याचार केला, हे हिब्रू ग्रंथ आपल्याच शब्दांत नोंदवून ठेवतो. भाषांतरकार एका ठिकाणी 'जाचणे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पीडा देणे' असे लिहितो आणि ही नोंद पुसली जाते. ज्या ग्रंथाविषयी तो फक्त एका वंशाची भलामण करतो असा समज आहे, तो येथे स्वतःच्या पूर्वजांविरुद्ध साक्ष देतो.

तिसरा मुद्दा एकविसाव्या अध्यायातील एका शब्दाचा. हाजरेचा मुलगा काय करीत होता म्हणून सारा संतापली? हिब्रूत 'मेत्साहेक' एवढेच आहे. हा शब्द हसण्याच्या धातूपासून आला आहे आणि इसहाक, हिब्रूत 'यित्सहाक', हे नावही त्याच धातूचे. काही भाषांतरांत मुलगा 'थट्टा' करतो, काहींत 'खेळतो'. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी तर 'इसहाकबरोबर' हे शब्द जोडले, जे प्रचलित हिब्रू पाठात नाहीत. थट्टा म्हटली की मुलगा दोषी ठरतो आणि हकालपट्टी योग्य वाटू लागते. खेळ म्हटला की दोष सारेकडे जातो. मूळ पाठ मात्र निकाल देत नाही. भाषांतरातून प्रथम वाचणाऱ्याच्या हाती निकाल लागलेला खटला येतो, आणि आपण मूळ फिर्याद वाचली असे त्याला वाटते.

चौथा मुद्दा सर्वांत सूक्ष्म आहे. एकविसाव्या अध्यायात इश्माएलचे नाव एकदाही येत नाही. तो दासीचा मुलगा आहे, मूल आहे, पोरगा आहे. सारेच्या तोंडी नाव नाही, निवेदकाच्या तोंडीही नाही. घराबाहेर काढताना त्याचे नावही काढून घेतल्यासारखे वाटते. मग पाणी संपते, आई मुलाला झुडपाखाली ठेवते, बाणाच्या टप्प्याइतकी दूर बसते आणि रडते. रडते ती आई. पण पुढच्याच वाक्यात ईश्वर ऐकतो तो मुलाचा आवाज. तेथे हिब्रू शब्द येतात 'वय्यिश्मा एलोहीम'. ईश्वराने ऐकले. इश्माएल या नावाचा अर्थ तोच. माणसांनी न उच्चारलेले नाव त्या क्रियापदात परत येते. मराठीत 'देवाने ऐकले' असे लिहिले की अर्थ पोहोचतो, नाव पोहोचत नाही. उर्दूत निदान 'समाअत' असा शब्द योजता येतो आणि इस्माईल या नावाशी त्याचा नाद जुळतो.

फरकांचे काय?

अशा वाचनात फरक लपविण्याचे कारण नाही. तौरातमधील घटना बैर-शेबाच्या वाळवंटात घडते, मुसलमानांच्या परंपरेत मक्केच्या खोऱ्यात. हदीसमध्ये बालक तान्हे आहे. तौरातच्या वयाच्या हिशेबाप्रमाणे ते किशोरवयाचे ठरते, तरी झुडपाखाली ठेवण्याचे वर्णन लहान मुलाचे वाटते, आणि हा पेच हिब्रू पाठाचा स्वतःचा आहे. कुर्बानीच्या प्रसंगी तौरात इसहाकचे नाव घेते. कुरआनाच्या सूरह अस्-साफ्फातमध्ये त्या प्रसंगी पुत्राचे नाव येत नाही. हे फरक मोठे आहेत. त्यांच्यावर श्रद्धा अवलंबून आहेत आणि एका लेखाने ते मिटणार नाहीत. मिटविण्याची गरजही नाही.

परंतु फरकांची यादी म्हणजे वाचन नव्हे. यादी करणारा आधी आपली कथा हातात घेतो आणि दुसऱ्या कथेवर खुणा करीत जातो. त्याला 'मेत्साहेक' दिसत नाही, 'वय्यिश्मा' ऐकू येत नाही. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात हजरत इब्राहीम यांचे दफन इसहाक आणि इश्माएल हे दोघे भाऊ मिळून करतात, हेही त्याच्या नजरेतून निसटते. कारण ते त्याच्या यादीतील कोणत्याच रकान्यात बसत नाही. दोन समाजांच्या आजच्या वैराची मुळे या ग्रंथात शोधणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, ते एक वाक्य वाचणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, हिब्रू धर्मग्रंथाचे आपल्याकडील पहिले वाचन वादासाठी झाले नव्हते; वादाची रीत छापखान्याच्या काळात रूढ झाली. दोन, अभयचंदाचे भाषांतर आणि सर सय्यद यांचे भाष्य ही दोन महत्त्वाची वाचने हाजरेच्या कथेआधी थांबली. फराहींचे वाचन तेथवर गेले तरी त्याचा रोख वेगळा होता. तीन, हे अपुरे काम पुढे नेण्यासाठी लागणारी भाषिक सामग्री उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या अभ्यासकांपाशी सहज उपलब्ध आहे. रूह आणि 'रुआह', नफ्स आणि 'नेफेश', यतीम आणि 'यातोम', सदका आणि 'त्सदाका', कुर्बानी आणि 'कोर्बान' : यांतले निम्मे शब्द त्यांच्या घरातलेच आहेत.

पंडिता रमाबाई यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ते केडगावहून प्रसिद्ध झाले. एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा येथे नाही. उत्पत्तीचा सोळावा आणि एकविसावा अध्याय मिळून चार-पाच पानांचा मजकूर होतो. हिब्रू मूळ, त्याचे देवनागरी उच्चारण, शब्दशः उर्दू आणि शब्दशः मराठी असे चार रकाने करून, कोणतीही टीप न जोडता, हे दोन अध्याय छापता येतील. टीप नको, कारण टीप आली की निकाल आला. वाचकाला आधी हाजरेला भेटू द्यावे. वादाचे मुद्दे त्यानंतरही शिल्लक राहतील. फक्त ते मांडणाऱ्याने ग्रंथ वाचलेला असेल.